माझी अवजारांची पिशवी विमलाकडे जावी म्हणून

मी, इश्वर तेजराम गिऱ्हेपुंजे, वय तेवीस, शिक्षण पाचवी पास व सहावीतून पळालेला, राहणार लाखनी, तालुका साकोली, जिल्हा भंडारा, सध्या मुक्काम पालनपूरच्या बाजूला एका बोअरवाल्या ठेकेदाराच्या तंबूत, हा कागद स्वतःच्या हातानं लिहितो. डोकं ठिकाणावर आहे. ताप नाही, दारू नाही, पाठीशी उभं राहून कोणी लिहवून घेत नाही. भाषा मी आजोबाच्या मृत्युपत्रातून उचलली आहे. ते आमच्या अंगणात मीच मोठ्यानं वाचून दाखवलं होतं.

कारण असं की उद्या सकाळी मला नव्वद फूट विहिरीत उतरायचं आहे. तळाशी बसवलेला पंप बंद पडला. मागच्या आठवड्यात उतरलेल्या माणसाला चक्कर आली आणि अर्ध्यातून वर ओढावं लागलं. खाली हवा खराब आहे म्हणतात. आधी पेटता कंदील सोडू, तो विझला तर उतरणार नाही. मला जबरदस्ती कोणाची नाही. ठेकेदारानं विचारलं, मीच हात वर केला. वरून वाकून पाहिलं तर आधी पिवळी माती, मग पांढरी, मग एकदम खाली निळसर काहीतरी दिसतं. ते काय आहे ते मला हात लावून पाहायचं आहे. माय म्हणेल की याच्यापायीच पोरानं घर सोडलं. खरं आहे.

कलम १. घरातला माझा अर्धा वाटा आणि तलावाखालची धानाची बांधी माझी माय बायजाबाई हिला, तिच्या मागे बहीण विमला हिला. विमलाला नवऱ्यानं टाकलं म्हणून ती त्या घरात पाहुणी ठरत नाही. हा कागद आमचे पोस्टमास्तर श्यामरावजी वाचतील, त्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं.

कलम २. पोस्टातलं पुस्तक मायचं. रेडिओ चुलतभाऊ भोजराज याला. मी तो तीनदा उघडला, तिसऱ्या वेळी एक स्क्रू उरला. तो सोबत पुडीत बांधला आहे. कुठला ते त्यानं शोधावं, मला सापडलं नाही.

कलम ३. आता अवजारं. पिशवी ताडपत्रीची, मीच शिवलेली. ती भरायला सहा वर्षं लागली. हायवेवर सोमाजी मिस्त्रीच्या गॅरेजात शिकत होतो तेव्हा वाटे, ज्याची पेटी जड तो मोठा मिस्त्री. विहिरीच्या कामावर आलो तेव्हा कळलं. दोरीला लटकल्यावर एक एक पाना कमरेला ओढतो. आणि जो नेला नाही तो वर ओरडून मागता येत नाही. आवाज घुमतो, वरचा माणूस भलतंच पाठवतो. म्हणून आता नेमकंच ठेवतो. मोठा पाईप पाना, सतरा-एकोणीसचा पाना, हातोडी, छिन्नी, पक्कड, पेचकस, करवतीचं नुसतं पातं चिंधी गुंडाळून, चामड्याचे वायसर, आणि पाईपाच्या चुड्या, म्हणजे आटे, आवळताना पाणी गळू नये म्हणून गुंडाळायला सुतळी व वर फासायला सफेदा. प्रत्येकाला दोरी बांधली आहे, हातून सुटलं तरी पाण्यात जात नाही. एक स्क्रू पानाही आहे, पण तो शक्यतो काढत नाही. कमी-जास्त करून सगळ्या नटांना लावता येतो, म्हणून एकालाही धड बसत नाही, कोपरे खातो.

तर पाईप पाना सोमाजी मिस्त्रीला, गुरू म्हणून. स्क्रू पाना भोजराजला, कारण त्यानं माझा चांगला पाना हातोडीसारखा वापरून वाकवला. बाकी विमलाला.

कलम ४. कलम ३ मधली वाटणी रद्द समजावी. लिहून झाल्यावर डोमाला वाचून दाखवली. डोमा शहापूरचा. मी उतरतो तेव्हा वर माझी दोरी तोच धरतो. तो म्हणे, "मोठा पाना सोमाजीले देशीन, तं तुही बहीण पाईप काय दातानं खोलन का?"

मग मला आजोबाचा कागद आठवला. दोन्ही पोरांना सारखं मिळावं म्हणून त्यानं नांगर माझ्या बापाला दिला आणि जू काकाला. दोन हंगाम दोघं भाऊ गावभर मागत फिरले, पण एकमेकाच्या दारात गेले नाहीत. तेच मी आज करून बसलो होतो.

कलम ५. सबब पूर्ण पिशवी, काही न काढता, विमलाला. कारण लिहितो.

मागच्या दिवाळीत मोहल्ल्यातला हातपंप मी खोलला. विमला बाजूला उभी राहून पाहत होती. काम झाल्यावर म्हणते, "भाऊ, चवदा अवजारं आणले अन् लागले तीनच. बाकीचे फिरवाले आणले का?"

मला राग आला. म्हटलं, डोळे मीट. हातात एक एक नट देत गेलो. बोटानं चाचपून ती सांगत गेली, "हा सतरा. हा एकोणीस. अन् याचे कोपरे कोणंतरी खाल्ले."

मग तिनं विचारलं, "दांडा तं आपण खाली दाबून राहिलो, मंग पाणी वर काहून येते?"

आजवर इतके पंप बसवले, पण हे मला कोणी विचारलं नव्हतं. तोंडानं सांगता येईना म्हणून पंप पुन्हा खोलून दाखवला. बाया घागरी घेऊन खोळंबल्या होत्या, त्यांनी आम्हा दोघांचा उद्धार केला.

कलम ६. गावोगावचे पंप दुरुस्त करायला पंचायत समिती माणसं घेऊन राहिली आहे. अट एकच, अवजारं स्वतःची पाहिजेत. विमलाला ते काम पाहिजे आहे. घरून आलेल्या पत्रात भोजराज म्हणतो की पिशवी मला द्या, बाईमाणूस पंप खोलायला गेलं तर लोक हसतील. त्यांना हसू द्यावं, पंप सुरू झाला की पाणी भरायला तेच येतील. मायचं म्हणणं, "पाना हातात दिसला तं दुसरं स्थळ येईन का?" माय, पहिलं स्थळ आलं तेव्हा तिच्या हातात काहीच नव्हतं.

कलम ७. हे शेवटचं. मृत्युपत्र मेल्यावरच चालतं हे मला माहीत आहे. पण पंचायत समितीची यादी जूनमध्ये होते. मी उद्या वर आलो आणि म्हातारा होऊन मेलो, तर विमला तोवर लोकांच्या बांधीत धानाचा रोवणाच करत राहील. म्हणून डोमा परवा मंगळवारी गावाला निघतो आहे, त्याच्यासोबत पिशवी जाईल. मी वर कसाही येवो. डोमा म्हणतो, असं कलम कायद्यात बसत नाही. तर ही चिठ्ठी समजा, पण पिशवी घ्या. मी नवीन जमवीन. मला तर पाहायचंच आहे की या वेळी मी काय काय घेतो.

विमला, पहिला पंप खोलशील तेव्हा आत काय निघालं ते लिहून कळव. पत्ता डोमाकडे आहे.

वाचून पाहिलं, खाडाखोड माझीच.

सही: इश्वर तेजराम गिऱ्हेपुंजे

साक्षीदार:
१. डोमा परसराम मेश्राम, रा. शहापूर, जि. भंडारा (सही)
२. हरजीभाई, विहिरीचे मालक (अंगठा, मराठी येत नाही, डोमानं हिंदीत समजावलं, तेव्हा म्हणाले की मुलगी हुशार दिसते)

ठिकाण: पालनपूरजवळ, गुजरात
दिनांक: ६ मे १९८४, रविवार