मोहाखालची आग

कुऱ्हाड तू चालवली आन् मार तुझ्या बापाले पडून राह्यला. तीन दिवस झाले, धनराजले ठाण्यातून सोडत नाईत. "पोरगा कुठी हाय?" विचारतात न् तळपायावर हाणतात.

जंगू, तुले आशीर्वाद. जिथी लपला असशील तिथी सुखी राह्य, असं मात्र मी म्हणणार नाई.

जंगलाच्या गार्डानं माझ्या थोबाडीत मारली, हे खरं. पण आग माझीच होती. मोहाची फुलं वेचाले बरं पडते म्हणून झाडाखालचा पाला मी पेटवला, न् वारा सुटून सारी टेकडी जळली. तुले वाटलं, आजीची इज्जत राखली. त्या गार्डाचा खांदा हाडापर्यंत फाटला, रगत माझ्या टोपलीतल्या मोहावर सांडलं. मीच तुले "पळ" म्हटलं. ते माझं चुकलं.

माझ्या बापानं गांधीबाबाचं ऐकून, बंदी मोडाले, इंग्रजाच्या जंगलात गवत कापलं होतं. शिपायानं त्याचे चार दात पाडले. त्यानं हात उचलला नाई, न् पळलाबी नाई. "गवत मी कापलं, नाव लिवा," म्हणे. लहानपणी मले त्या बोळक्या तोंडाची लाज वाटे. आता तुझी वाटते.

तुझा पत्ता नाई, म्हणून हे पत्र तांदळाच्या डब्यात पडून राहील. उद्या मी ठाण्यात जाऊन आगीचं सांगीन. कुऱ्हाडीचं मी सांगणार नाई. ते तुझ्या मायनं सांगू नये, वकिलानंबी नाई. तूच यायचं, न् आपल्या तोंडानं आपलं नाव सांगायचं.

तुझी आजी,
धुरपता