देवळाआडून काढलेला व्हिडिओ

इंगोलश्टाट, शनिवार, १२ एप्रिल

पाहुणे आत्ताच गेले. निखिल शीळ घालत भांडी लावतोय.

जेवणानंतर त्याने ग्वाटेमालाच्या जंगलातला व्हिडिओ लावला. मला वाटलं, माया लोकांची जुनी देवळं दाखवेल. पण त्यात मीच होते. वेलींत अडखळत, "निखिल, कुठे आहेस रे?" म्हणून रडत ओरडणारी. मला म्हणाला होता, वाट चुकलो. आणि हा झाडांनी गिळलेल्या देवळाआड उभा राहून शूट करत होता! साप चावला असेल, मेला असेल... काय काय आलं होतं माझ्या मनात.

सगळे हसले. "अगं, गंमत!" म्हणाला. आमची सई टाळ्या पिटत जर्मनमध्ये ओरडली, "नोख माल, पापा! परत लाव!"

त्याने पुन्हा लावला. माझं तेच रडणं. मग मीही हसले. का? आणि सगळ्यांपेक्षा मोठ्यांदा.