माणसाच्या जागी माणूस

फेब्रुवारी २००५

प्रिय खुशबू,

मुन्नालाल मजुरांची गाडी घेऊन आंध्रातून परतला, तेव्हा तुझं कळलं. सांधे सुजून तू झोपडीत पडून होतीस, आणि जरा उभं राहता येताच पुन्हा मिरची तोडायला गेलीस. सिकलसेलचं दुखणं मी तुझ्या लहानपणापासून पाहतो आहे, मुन्नालालने आणखी सांगायची गरज नव्हती. आपल्या नर्सबाई म्हणतात, पाणी भरपूर प्यायचं, उन्हात राहायचं नाही. बाई चांगल्या आहेत, पण मिरचीच्या रानात सावली कुठून आणायची हे त्यांना कोणी शिकवलेलं नाही. तिथल्या दवाखान्याने ‘गोळ्या तुझ्या गावाहून आण’ म्हणून तुला परत पाठवलं, हे ऐकून तर मला हसूच आलं. गोळ्या गावात आणि पोट परमुलखात, अशी आपली तऱ्हा.

इथलं विचारशील, तर गावात म्हातारे, कुत्री आणि डास एवढेच उरलेत. धानाच्या रोवणीला पाऊस नव्हता, धान कापून पडलं तेव्हा मात्र धो धो आला. म्हणून तर तुम्ही सगळे गेलात. थंडीही नावालाच पडली. पूर्वी पुसाच्या थंडीत डास मरायचे, यंदा माघ आला तरी कानाशी गुणगुणताहेत. कचारगडच्या जत्रेला गावातून कोणी गेलं नाही. अर्धे बाहेर, अर्धे मलेरियाने अंथरुणात. तुझ्या आईलाही त्याने धरलं. गोळ्या संपल्या, पण संध्याकाळी अजून अंग तापतं. डॉक्टरांनी आराम सांगितला आहे. ती मात्र मुन्नालालचं ऐकल्यापासून एकच म्हणते, “पोरगी तठी लोळून राहिली, अन् मी अठी कायले पडून राहू?”

मुकादमाचा निरोप आहे की तोडणी संपेपर्यंत पोरगी सुटणार नाही. न्यायचीच असेल तर माणसाच्या जागी माणूस द्या. मी निघालो होतो. पण गुडघे धरून बसणारा गडी त्याला नको. मी फार थकलो आहे पोरी, आणि हा थकवा झोपून जाणारा नाही.

हे पत्र तुला देणारी तुझी आईच आहे. मी तिला अडवलं नाही. अडवलं असतं तर तुला घरी कसं आणायचं, ते मला सुचलं नाही. ती म्हणेल, मी बरी आहे. ती बरी नाही. तिची मच्छरदाणी गाठोड्यात आहे, तेवढी झोपडीत बांधून दे. दुपारी तिला बसू द्या म्हणून बरोबरच्या बायकांना सांग. मग ती ज्या गाडीने आली त्याच गाडीत बस आणि घरी ये. तिच्याशी वाद घालू नकोस. ती ऐकणार नाही, आणि मुन्नालाल गाडी फार वेळ थांबवत नाही.

तुझाच,
बाबा