खालच्या अर्ध्या रेघा

अण्णा,

तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली. आता तुम्ही रागावलात तरी माझ्यापर्यंत पोचणार नाही, म्हणून धीर करून लिहितोय. आयटीआय करून सातपूरच्या आपल्या कारखान्यात तुमच्या तपासणीच्या टेबलावर आलो, त्या पहिल्याच दिवशी तुम्ही माझ्या हातात जाडी मोजायचा मायक्रोमीटर दिलात, दोन मिनिटांत भराभरा काहीतरी सांगितलंत आणि विचारलंत, "समजनं का?" एरवी तुम्ही नाशिककरांसारखं बोलायचात, पण शिकवायला लागलात की सटाण्याची अहिराणी बाहेर यायची. या प्रश्नाला 'नाही' म्हणायची आपल्याकडे सोयच नव्हती. एकाने म्हटलं होतं, तर तुम्ही चहाच्या सुट्टीपर्यंत येणाऱ्याजाणाऱ्याशी 'याले समजत नही' म्हणून त्याची ओळख करून देत होतात. मी लगेच म्हटलं, समजलं.

काय डोंबल समजलं होतं! पण मला तुमची डावी भुवई वाचता यायची. मी माप सांगितलं आणि भुवई वर गेली, की 'थांबा, पुन्हा बघतो' म्हणायचो आणि अर्धा मिलिमीटर वाढवून सांगायचो. अर्धाच का, ते ठाऊक नव्हतं. भुवई खाली यायची, एवढं मला पुरायचं. अशी सहा वर्षं निघाली. तुमच्या निरोपाच्या दिवशी तुम्ही स्वतःचा मायक्रोमीटर लाकडी पेटीसकट माझ्या हातात ठेवलात आणि सगळ्या खात्यासमोर म्हणालात, "हाऊ एकटाच शे, याले एकदाच सांगं नि समजनं." मी हमसून हमसून रडलो. लोक म्हणाले, काय गुरुभक्ती! अहो, कसली भक्ती, उद्यापासून भुवई नाही, म्हणून रडत होतो.

पुढची वर्षं मी 'चष्मा घरी राहिला, जरा बघ रे' या एका वाक्यावर काढली. तेव्हा मला चष्मा लागलेलाच नव्हता, हे कुणाच्या लक्षात कसं आलं नाही, देव जाणे. तुम्ही गेलात तेव्हा सटाण्याला आलो होतो. तिथेही तुमचे चिरंजीव चारचौघांत म्हणाले, हा अण्णांचा खरा शिष्य.

मग कंपनीने ट्रेनिंग नेटवर आणलं. कॉम्प्युटरवर धडे बघायचे, तिथेच परीक्षा द्यायची, आणि जो नापास होईल त्याची बदली पॅकिंगला. इतक्या वर्षांनी खोकी बांधायची, तीही तुमची पेटी कपाटात ठेवून! माझी झोप उडाली. एसीच्या खोलीत कानाला हेडफोन लावून बसलो. पडद्यावरची बाई हिंदीत समजावत होती. मायक्रोमीटरवरच्या आडव्या रेघेच्या वर मिलिमीटरच्या खुणा असतात आणि खाली अर्ध्या मिलिमीटरच्या. खाली! अण्णा, मी जन्मभर वरच्याच मोजत आलो होतो.

उत्तर चुकलं की बाई म्हणायची, "कोई बात नहीं, फिर से कोशिश कीजिए." चार वेळा चुकलो, सात वेळा चुकलो, तरी तिचा आवाज तसाच. मलाच ओशाळल्यासारखं झालं. चहाला उठलो तर परत येईपर्यंत बिचारी तोंड उघडं ठेवून थांबलेली. धडा चौदा वेळा पाहिला. शेजारच्याला पत्ता नाही, कुणी हसलं नाही, कुणी माझी ओळख करून दिली नाही. पास झालो तेव्हा पडद्यावर टाळ्या वाजवणारे हात आले. हेडफोन कानात असल्याने मी इतक्या मोठ्याने 'थँक्यू मॅडम' म्हणालो की सगळी खोली वळून बघायला लागली. मी मात्र सवयीने डावीकडे पाहिलं, टेबलाशी तुम्ही उभे राहायचात त्या बाजूला. तिथे पाण्याचा कूलर होता, आणि मला फार वाईट वाटलं.

हल्ली नव्या लोकांना मीच सांगतो, बाबांनो, लाजू नका, तेच बटण पुन्हा दाबा. ते विचारतात, तुम्ही कुठे शिकलात? मी अजूनही तुमचंच नाव सांगतो. हे पत्र सटाण्याला धाडलं तर चिरंजीव वाचतील, म्हणून घडी घालून मायक्रोमीटरच्या पेटीतच ठेवतोय. तुम्ही पहिल्या दिवशी विचारलं होतंत, त्याचं खरं उत्तर तेवढं राहिलं होतं.

समजनं, अण्णा. चौदाव्या वेळी.