दवाखान्याच्या गच्चीवरचे आकडे

ता. ४ जानेवारी

चि. भिंगरीस,
अ. उ. आशीर्वाद. तू खुशाल आहेस असं धरून लिहितो. नसलीस तर आधी तसं कळव आणि मग पुढचं वाच.

चौथ्या मजल्यावर खोली घेतलीस हे वाचून तुझ्या काकूला बरं वाटलं, मला नाही. बाल्कनीचा कठडा कमरेच्या वर येतो का ते टेप लावून मोज. गॅसची नळी जुनी असेल तर घरमालकाच्या मागे लाग. आणि दाराला नुसती कडी पुरत नाही, आतून अडसर पाहिजे.

पेपरात आलंय की आपल्या राज्याने केंद्र सरकारवर दावा लावला. शेजारच्या शिंप्याने मला तीनदा समजावून सांगितलं तेव्हा कुठे डोक्यात शिरलं. कारखान्याच्या धुरावर आपल्या राज्याने कडक मर्यादा घातली, आणि केंद्राने हुकूम काढला की आमच्यापेक्षा कडक नियम कुठल्याही राज्याने करायचा नाही. आता तू केंद्राच्या कायदा खात्यात वकील आणि मी राज्याचा नोकर. शिंपी म्हणाला, तात्या, दावा तुमच्या घरातच उभा राहिला की. सगळे हसले, मीही हसलो. माझ्यापायी तुझ्या नोकरीला काही होणार नाही ना?

तुझ्याबरोबरच्या मुली विचारतात म्हणालीस, काका काय करतात. सांग त्यांना, जन्मभर कारखान्यात बॉयलर सांभाळला आणि गेली सहा वर्षं सरकारी दवाखान्याच्या गच्चीवरचं हवा मोजायचं यंत्र सांभाळतात. कपाटाएवढं यंत्र, वर छत्रीसारखी टोपी. सकाळ-संध्याकाळ आकडा बघायचा, वहीत लिहायचा आणि राज्याच्या प्रदूषण ऑफिसला फोनवर सांगायचा. आकडा शंभराच्या आत असला की हवा चांगली. चौथी पास माणसाला याहून मोठा मान कुठला मिळणार?

काकूचा खोकला तसाच आहे. पूर्वेचा वारा सुटला की जास्त होतो, छातीत शिट्टी वाजते. खालच्या डॉक्टरांनी परवा तिच्यासमोर माझी वही मागवली. आकडा होता एकतीस. म्हणाले, बाई, हवा तर स्वच्छ आहे, हे मनाचे खेळ आहेत, मन कशात तरी गुंतवा. ती वरमली. मीही तिला म्हटलं, उगाच बाऊ करू नकोस.

जेवत जा. पत्र पाठवायला उशीर केलास तर माझा जीव टांगणीला लागतो, एवढं ध्यानात असू दे.
तुझा तात्या


ता. १५ जानेवारी

ती. तात्यांस,
सा. न. वि. वि. कठडा मोजला. कमरेच्या वर चार बोटं. आता तरी झोपा.

तुम्ही माझ्या नोकरीची काळजी करताय आणि इथे तुमच्यामुळे माझा भाव वाढलाय. खरंच सांगते. मला याच दाव्यावर घेतलंय, मोठ्या वकीलसाहेबांच्या हाताखाली. पहिल्याच दिवशी मी सांगून टाकलं की एक यंत्र माझे काका सांभाळतात. साहेब म्हणाले, आकडे सरकारी आहेत, काका कुणाचे का असेनात. आमच्या बाजूचं म्हणणं असं, की आभाळ सगळ्या देशाचं एक, तर नियमही एकच हवा. एका राज्याने धूर आवळला की कारखाना हद्द ओलांडून शेजारी जातो. धूर तेवढाच, जग तापायचं तेवढंच तापतं, फक्त माणसांचं काम जातं. मला हे अगदीच खोटं वाटत नाही. राज्य म्हणतं, आमची माणसं गुदमरताहेत, तुमची वाट बघत बसू का?

तर आमच्या हाती सगळ्यात भारी पुरावा काय, ओळखा. तुमची गच्ची! ज्या दिवशी पूर्वेचा वारा असतो, कारखान्याची काजळी गावावर पडते, लोक तक्रारी करतात, नेमका त्याच दिवशी तुमचा आकडा सगळ्यात कमी. इतर दिवशी ऐंशी-नव्वद आणि त्या दिवशी तीस. राज्याच्या लोकांना याचं उत्तर देता येत नाही. साहेब खूश आहेत. त्यांच्या मते लोकांना धूर दिसतो, पण तो श्वासात येत नाही, वरच्यावर निघून जातो.

काकूचं वाचून मात्र कसंतरी झालं. तिला म्हणावं, माझ्या आठवणीने खोकायचं असेल तर आठवड्यातून एकदाच.

मायेची पाखर आहेच, ती असू द्यावी.
तुमची भिंगरी


ता. २२ जानेवारी

चि. भिंगरीस,
आशीर्वाद. तुझं पत्र शिंप्याला वाचून दाखवलं, कंपाउंडरला दाखवलं, आणि खरं सांगायचं तर दोनदा स्वतःलाही वाचून दाखवलं. माझी गच्ची राजधानीच्या कोर्टात!

तुझ्या साहेबांना कोडं पडलं असेल तर सांग, त्यात कोडं काही नाही, त्यामागे माझी मेहनत आहे. बॉयलरवर आमची एक पद्धत होती. भट्टीतली राख ओढायच्या वेळी सगळीकडे धुरळा उडतो. त्याआधी प्रेशरचा काटा, मोटर, जे जे नाजूक असेल ते पोत्याने झाकायचं. नाही झाकलं तर मुकादम आईबाप काढायचा. गच्चीवर आलो तेव्हा मी तेच धरलं. पूर्वेचा वारा सुटला, काजळी पडायला लागली, की मी जिना चढतो आणि जुन्या चादरीचं दुपदरी फडकं यंत्राच्या टोपीभोवती गच्च आवळून बांधतो. वारा फिरला की सोडतो. फडकं काळंकुट्ट निघतं, काकू धुताना बडबडते, पण यंत्राच्या आत कण जात नाही. आधीच्या माणसाच्या हातून यंत्र दोनदा बंद पडलं होतं. माझ्या सहा वर्षांत एकदाही नाही.

तेव्हा साहेबांना म्हणावं, आमचे तात्या शिकलेले नसले तरी वस्तू जपणारे आहेत.

गॅसच्या नळीचं तू काहीच लिहिलं नाहीस. उलट टपाली कळव.
तुझा तात्या


ता. ९ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
आशीर्वाद. अठरा दिवस झाले. पत्र नाही, फोन उचलत नाहीस. काल तुझ्या घरमालकाला फोन केला, तो म्हणाला, बाई रोज ऑफिसला जाताना दिसतात. म्हणजे जिवंत आहेस आणि माझ्याशी बोलत नाहीस.

माझं काय चुकलं ते सांग. साहेबांना निरोप पाठवला तो आगाऊपणा झाला का? काकू म्हणते, पोरीला कामं असतात, तुम्ही जरा गप्प बसा. पण तू कामात असतानाही दोन ओळी खरडतेस. डोक्याचा भुगा झाला आहे.

नुसतं कोरं कार्ड टाकलंस तरी चालेल.
तात्या


ता. १३ फेब्रुवारी

ती. तात्यांस,
सा. न. वि. वि. तुमचं काही चुकलं नाही असं लिहून कागद फाडला. चुकलंय असं लिहून दुसरा फाडला. हा तिसरा.

तात्या, ते यंत्र टोपीतून हवा आत ओढतं आणि हवेत किती काजळी आहे ते मोजतं. काजळी आत जाणं हेच त्याचं काम. तुम्ही फडकं बांधता तेव्हा त्याचं तोंड बांधता. म्हणून त्या दिवशीचे आकडे तीस. हवा स्वच्छ होती म्हणून नव्हे.

तुमचं पत्र घेऊन मी साहेबांकडे गेले. त्यांनी वाचून घडी घालून परत दिलं. म्हणाले, हे घरचं पत्र आहे, पुरावा नाही, तुम्ही वाचलं नाही आणि मी पाहिलं नाही. मी दोन आठवडे प्रयत्न केला, तात्या. त्या आकड्यांवर टिपणं लिहायला बसायचे आणि डोळ्यांसमोर काकू यायची. शेवटी अर्ज दिला की मला या दाव्यातून काढा. काढलं. आता मी दोन खोल्यांपलीकडे जुन्या बंदरांच्या फायली लावते. नोकरी शाबूत आहे, काळजी नको.

काय करावं हे मी तुम्हाला सांगू शकत नाही. ज्या बाजूने काल उभी होते तिच्याविरुद्ध आज सल्ला देणं मला शोभत नाही. तुमची पुतणी म्हणून एवढंच सांगते, तुम्ही लबाडी केलेली नाही. तुमच्याइतकं जिवापाड ते यंत्र कुणी जपलं नसतं.

गॅसची नळी नवीन बसवली.
रागावू नका, आणि मीही रागावलेली नाही.
तुमची भिंगरी


ता. २५ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
आशीर्वाद. अक्षर वाईट आलंय, लावून घे.

तुझं पत्र आलं त्या दिवशी गच्चीवर गेलो आणि यंत्रापुढे नुसता बसून राहिलो. सहा वर्षं मी त्याचं तोंड दाबत होतो आणि वर पाठ थोपटून घेत होतो. दोन दिवस जेवणाचं ताट तसंच मागे सारलं. काकूला वाटलं, तुझं काही बरंवाईट झालं. मग सांगावंच लागलं.

मला वाटलं ती रागावेल. ती भाजी चिरत होती, सुरी खाली ठेवली. म्हणाली, म्हणजे मी सोंग करत नव्हते. मी म्हटलं, नाही. मग म्हणाली की चार वर्षं तिला वाटत होतं की आपलंच डोकं फिरलंय, म्हणून ती मोरीत जाऊन, नळ सोडून खोकायची, मला ऐकू जाऊ नये म्हणून. भिंगरी, मला हे माहीतच नव्हतं. दोन खोल्यांचं घर, आणि मला माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी राज्याच्या ऑफिसात गेलो. वाटलं होतं, आपल्या बाजूच्या फायद्याची गोष्ट आहे, बरं म्हणतील. इंजिनियरसाहेबांनी दार लावून घेतलं. म्हणाले, तात्या, हे बाहेर पडलं तर केंद्रवाले म्हणतील, यांची सगळीच यंत्रं असली. शिवाय सहा वर्षांत आम्ही एकदाही गच्चीवर आलो नाही, हे आमच्याही अंगाशी येईल. तुमचं वय झालंय, राजीनामा द्या, मान राखून घरी बसा. मी मान हलवून परत आलो. भ्यालो होतो, खोटं कशाला सांगू. कोर्टाची पायरी मी जन्मात चढलेलो नाही.

घरी आल्यावर काकूने विचारलं, फडकं कुठल्या कुठल्या दिवशी बांधलं ते तुम्हाला सांगता येईल का? मला हसू आलं. बॉयलरवाल्याला हे विचारायचं? जे झाकलं ते पाळीच्या वहीत लिहायचंच असतं, नाहीतर पुढचा पाळीवाला झाकलेल्या काट्यावर भट्टी चालवेल. माझ्या स्वतःच्या वहीत प्रत्येक वेळी समासात 'झा.' लिहिलंय, बांधल्याची वेळ आणि सोडल्याची वेळ. ऑफिसला फक्त आकडा कळवायचो, हे कुणी विचारलंच नाही. आम्ही दोघांनी बसून मोजले. एकशे सदतीस दिवस.

मग मी दीड पानाचा जबाब लिहिला आणि वही सोबत जोडली. शिंपी म्हणाला, वकिलाकडून लिहून घ्या. काकू म्हणाली, तुमच्याच अक्षरात जाऊ दे. सोमवारी ती माझ्याबरोबर आली. इंजिनियरसाहेब जबाब घेईनात. ही समोरच्या खुर्चीत बसली आणि म्हणाली, शिक्का बसेपर्यंत मी इथेच आहे. वारा पूर्वेचा होता. अर्धा तास ती त्यांच्या टेबलासमोर तोंडाला पदर न लावता खोकली. साहेबांनी पाणी मागवलं, पंखा लावला, पंखा बंद केला आणि शेवटी शिक्का मारला.

आता पुढे काय होईल ते होवो. तुझी बाजू हरली तर मला दोष देशील का?
तुझा तात्या


ता. २८ मार्च

ती. तात्यांस, सौ. काकूस,
सा. न. वि. वि. कालची सुट्टी घेऊन कोर्टात शेवटच्या बाकावर जाऊन बसले. कुणाच्याच बाजूने नाही, फक्त तुमच्या.

शिक्का बसलेला जबाब दडवता येईना, म्हणून राज्याच्या वकिलाने तो सादर केला तेव्हा त्याचे कान लाल झाले होते. आमचे साहेब उठून म्हणाले, अडाणी माणसाच्या चुकीवर देशाचा कायदा कसा ठरवणार? न्यायाधीशांनी जबाब मोठ्याने वाचायला लावला. 'काजळी पडली की मी यंत्र झाकत असे, कारण नाजूक वस्तू झाकावी असं मला शिकवलं होतं,' इथे लोक हसले. पुढच्या वाक्याला, 'त्या दिवशी माझी बायको घरात उघडीच होती,' कुणी हसलं नाही. न्यायाधीशबाईंनी चष्मा काढून पुसला आणि तुमची वही मागितली.

हुकूम असा. ते एकशे सदतीस दिवस पुराव्यातून बाद. एक वर्ष सगळ्या यंत्रांवर दोन्ही सरकारांच्या माणसांनी मिळून देखरेख करायची, आणि नवे आकडे येईपर्यंत राज्याचा कडक नियम जागेवर राहील. हा निकाल नाही, तात्या. केंद्र अजूनही जिंकू शकतं, आणि एका आभाळाला एक नियम हे मला अजून पटतं. पण तो नियम खऱ्या आकड्यावर बसायला हवा.

बाहेर साहेब भेटले. म्हणाले, तुमचे काका आम्हाला फार महागात पडले. मग विचारलं, खोकला कसा आहे त्यांच्या पत्नीचा.

दोष देण्याचं नाव काढलंत तर मी येऊन भांडेन.
तुमची भिंगरी


ता. १९ एप्रिल

चि. भिंगरीस,
आशीर्वाद. मला कामावरून कमी केलं. ठपका लिहिला आहे, पण कागद सभ्य आहे. माझ्या जागी एक बाई आल्या आहेत, पदवी घेतलेल्या. किल्ल्या देताना त्यांना सांगितलं, तिसरी पायरी हलते, जपून. त्या मला तात्याच म्हणतात.

परवा पूर्वेचा वारा सुटला. दुपारीच अंधारून आलं, दोरीवरचे कपडे काळे झाले. माझे हात शिवशिवायला लागले. सहा वर्षांची सवय, पाय आपोआप दाराकडे गेले. काकूने विचारलं, कुठे निघालात? मी म्हटलं, कुठे नाही, आणि खिडक्या लावत सुटलो. डॉक्टरांनी आता तिला छातीत ओढायचं औषध दिलंय, नजर न उचलता लिहून दिलं. ते तिने घेतलं आणि आम्ही दोघं आतल्या खोलीत बसलो.

संध्याकाळी गच्चीवरून त्या बाईंचा फोन आला. आवाज घाबरलेला. म्हणाल्या, तात्या, यंत्र बिघडलंय, आकडा चारशे बारा दाखवतंय. ऑफिसला कळवू की आधी दुरुस्तीवाल्याला बोलावू?

चारशे बारा. मी विचारलं, पंप चालू आहे का? आहे. हिरवा दिवा लागला आहे का? लागलाय. मग मी म्हटलं, बाई, यंत्र ठणठणीत आहे. आकडा आहे तसा लिहा.
तुझा तात्या