वीस मिनिटांच्या मेंढ्या

६ मे, मंगळवार

संपल्या एकदाच्या! तीन दिवसांत तीन हजार शंभर. उजवा खांदा आता माझा राहिलेला नाही. तीन दिवस त्या बुटक्या स्टुलावर बसून एक हात मेंढीच्या मांडीत आणि डोळे सोनोग्राफी मशीनच्या वीतभर पडद्यावर. पोटात कोकरू दिसलं की मी ओरडायचं — "आहे!" मग रंगारी तिच्या पाठीवर लाल पट्टा मारणार आणि तिला बाजूला काढणार. काही दिसलं नाही तर मी गप्प. गप्प म्हणजे रिकामी, रिकामी म्हणजे जहाजावर. एकदा ट्रक आला की तासाला चारशे मेंढ्या जायच्या (मग पुढच्या ट्रकची वाट), तर प्रत्येकीला "नाही" म्हणत बसायला फुरसत कुणाला आहे? (रंगारी म्हणजे आमचे मदतनीस. साठी उलटली आहे. मेंढ्यांपेक्षा त्यांच्याच अंगावर जास्त रंग असतो.)

कळप भलताच गाभण निघाला. चार-पाचांमागे एक. आणि सगळ्या शेवटच्या महिन्यातल्या! कुठल्या शहाण्याने नर मध्ये सोडून ठेवले होते कोण जाणे.

दुपारी मशीनने घात केला. पडद्यावरचं चित्र गोठलं आणि मला कळलंच नाही. करडं, करडं, पुन्हा करडं. मी आपली मनातल्या मनात खूश — चला, आता रिकाम्या लागल्या ओळीने. मग कोपऱ्यातल्या वेळेकडे लक्ष गेलं. दोन दहा. मनगटावर अडीच. वीस मिनिटं मी एकाच मेंढीचं पोट बघत बसले होते.

म्हटलं, परत आणा त्या. घड्याळ म्हणाले, "कुठल्या आणू मॅडम? बाकीच्या अकराशेंत मिसळल्या त्या." घड्याळ म्हणजे मेंढ्या पाठवणाऱ्या कंपनीचे व्यवस्थापक. माणूस बोलताना समोरच्याकडे बघत नाही, मनगटाकडे बघतो. "सगळ्या पुन्हा गोळा करून तपासायच्या तर उद्याची संध्याकाळ. बाहेर ट्रक उभे आहेत."

खांदा ठणकत होता. मी मशीन बंद करून चालू केलं आणि पुढची मेंढी घेतली.

७ मे

सही केली. "सर्व मेंढ्या तपासल्या. एकही गाभण नाही." शिक्का आमच्या कचेरीतल्या साहेबांनी मारला. मी चहा प्यायले.

९ मे, शुक्रवार

दिवसभर धक्क्यावर. आठ मजली जहाज, नऊ हजार मेंढ्या — माझ्या, आणि बाकी सगळे नर. उतारावरून नुसता खुरांचा आवाज. एक लंगडत होती, तर घड्याळांनी स्वतः आत शिरून तिला उचलून बाहेर काढलं. पांढऱ्या शर्टाची वाट लागली. माणूस वाईट नाही, हेच अवघड आहे.

धाकटा भाऊ याच जहाजावर चाललाय. कायम झाल्यापासूनची पहिली फेरी. तिसरा डेक त्याच्याकडे, चारा-पाणी आणि सफाई. आईने त्याला इतक्या सूचना दिल्या की तो शेवटी म्हणाला, "आई, तूच चल ना, मी घरी थांबतो." चौदा दिवसांनी पोचतील. पुढे ऊन वाढत जाणार.

निघताना त्याने मला विचारलं, "ताई, माल कसा आहे?" मी म्हटलं, "चांगला आहे." साध्या प्रश्नाला साधं उत्तर दिलं.

११ मे

फोन नाही. आई म्हणते समुद्रात टॉवर नसतात. मला सांगतेय!

१२ मे, सोमवार

फोन आला, जहाजाच्या वायफायवरून. नको होता असा.

"ताई, तिसऱ्या डेकवर मेंढ्या व्यायला लागल्यात." कालपासून अकरा कोकरं. एका कप्प्यात तीस मेंढ्या, अंगाला अंग लावून. खाली शेणाचा लगदा. वर उकाडा असा की त्या तोंड उघडून धापा टाकतायत. व्यायलेलीला वळून कोकरू चाटायलासुद्धा जागा नाही, बाकीच्या तुडवतात. अकरांतली चार उरली आहेत. मुकादम म्हणाला, वहीत लिहायचं नाही, बाहेर टाकून दे.

"एक अजून ओरडत होतं, ताई."

त्याने पुढे काय केलं ते मी विचारलं नाही.

हिशोब सोपा आहे. वीस मिनिटं म्हणजे एकशेतीस मेंढ्या. त्यांतल्या तीसेक गाभण. ह्या माझ्याच मेंढ्या आहेत. धाकट्याला हे सांगितलं नाही. त्याने एवढंच सांगितलं की मुकादमाच्या मते बुधवारी दुपारी बारापर्यंतच मागे फिरणं शक्य आहे. त्यानंतर परतीला चारा पुरणार नाही.

१३ मे

सकाळीच साहेबांकडे. म्हटलं, जहाजावर मेंढ्या व्यायला लागल्यात, परत बोलवा.

"कुणी सांगितलं?"

"भावाने."

"पुरावा?" आणि मग ते नेहमीचं — दोन-तीन टक्के चूक धरलेलीच असते, तुम्ही मनाला लावून घेता, सुट्टी घ्या. फोटो असतील तर बघू म्हणाले. मशीनचं मी बोलले नाही. तोंडापर्यंत आलं होतं. मी चष्मा पुसत बसले.

घड्याळांना फोन केला. तिकडून मोठा श्वास. "मॅडम, नऊ हजारांत अकरा." मी म्हटलं, अजून वीस तरी होतील. "तुम्हाला कसं माहीत?" दोघांनाही माहीत होतं कसं ते. मग त्यांना दुसरा फोन आला.

धाकट्याला निरोप टाकला: फोटो पाठव. कोकरांचे, कानातल्या बिल्ल्यांचे, मिळतील तेवढे.

दिवसभर काही नाही. आई दोनदा विचारून गेली, काय झालंय. दोनदा काही नाही म्हटलं. तिसऱ्यांदा ती विचारायला आली नाही, समोर येऊन बसली. तिला सगळं सांगितलं.

आई म्हणाली, "तुझी नोकरी जाईल, त्याची जाईल. मेंढ्या शेवटी कापायलाच चालल्यात ना?" मी म्हटलं, कापायला चालल्यात म्हणून तुडवून मारायच्या का? आवाज चढला माझा. आईवर मी कधी ओरडत नाही.

१४ मे, बुधवार, सकाळी ८

धाकट्याचं उत्तर: "फोटो नाही जमणार. मुकादम सगळ्यांचे फोन तपासतोय. कळलं तर पुढच्या बंदरात उतरवून देतील. ताई, माझं नाव कुठे घेऊ नकोस. सतरा झाली."

सतरा.

९:३०

किती मूर्ख आहे मी! दोन दिवस पुरावा शोधतेय. त्या पोराने नोकरी पणाला लावून फोटो काढावेत म्हणून त्याच्या मागे लागलेय. पुरावा इथे खुर्चीवर बसलाय, चहा पितोय. एकशेतीस मेंढ्या न तपासता मी तपासल्या म्हणून सही केली. हे लिहून द्यायला फोटो लागत नाही, भाऊ लागत नाही, एकही कोकरू लागत नाही. माझं प्रमाणपत्र खोटं ठरलं की ते नऊ हजारांचं एकत्र प्रमाणपत्र रद्द. मग पलीकडचं बंदर त्यांना उतरवून घेणार नाही आणि जहाज आपोआप मागे येईल.

हे मला सोमवारीच सुचलं होतं. खोटं कशाला बोलू, आणि तेही वहीत? सुचलं होतं आणि मी ते बाजूला सारलं होतं.

१०:४०

पाठवलं. साहेबांना वगळून थेट मुख्य कार्यालयाला. सहा ओळी. मशीन किती वाजता गोठलं, मला केव्हा कळलं, मी काय करायला हवं होतं आणि काय केलं. लिहिताना एकदाही अडले नाही. सतरा वर्षांच्या नोकरीत इतकं स्वच्छ पत्र मी लिहिलेलं नाही.

आईला सांगितलं. "तुला स्वतःला अडकवून घ्यायची भारी हौस," म्हणाली आणि भांडी घासायला लागली. घासलेलीच होती ती.

१५ मे

वळलं! काल दुपारी पावणेबाराला जहाजाला हुकूम गेला. पंधरा मिनिटं राखून!

माझ्या सह्या बंद. चौकशी होईपर्यंत कुठल्याही कागदाला हात लावायचा नाही. साहेब माझ्याकडे न बघता म्हणाले, "मला आधी सांगायचं होतंत." घड्याळांचा फोन नाही.

धाकट्याचा आला. "ताई, तूच ना?"

"हो."

"म्हणजे हुकुमात लिहिलीयत ती वीस मिनिटं पण तूच?"

"हो."

त्याने फोन ठेवला. मी हातात फोन धरून तशीच उभी राहिले. लाज वाटली. खूप वाटली. पण त्या मेंढ्या परत येतायत, आता गाभण निवडून काढता येतील, मोकळ्या जागेत व्यातील. आज आठ दिवसांनी पोटभर जेवले.

१७ मे

रंगारी घरी आले होते, आईसाठी गुडघ्याचं तेल घेऊन. गोठ्यात व्यायलेल्यांसाठी वेगळी जागा साफ करून ठेवली म्हणाले. कुणी सांगितलं नव्हतं. हाताला अजून लाल रंग.

१९ मे, सोमवार

आलं जहाज. धक्क्याला लागलं नाही. समोर पाण्यात नांगर टाकून उभं आहे.

उतरवायला परवानगी नाही!

नियम असा: जनावर एकदा सागरी हद्द ओलांडून गेलं की ते परदेशी जनावर. परत आणायचं तर बाहेरून आणल्यासारखं. रोगाची तपासणी, स्वतंत्र जागा, महिन्याभराची कागदपत्रं. तोवर जहाजावरच.

हा नियम मला माहीत होता. माहीत कसला, नव्या डॉक्टरांना मी तो शिकवते! कलम तोंडपाठ आहे. पण पत्र लिहिताना डोक्यात एकच होतं — परत आणा, परत आणा. परत आणून ठेवणार कुठे, हा विचार मला शिवला नाही. गोठलेलं चित्र फक्त मशीनवरच असतं असं नाही.

२० मे

चालत्या जहाजाला वारा तरी लागतो. उभ्या जहाजात फक्त पंखे. तिसऱ्या डेकवर अडतीस अंश. धाकट्याने आकडे पाठवले. नुसते आकडे, बाकी एक शब्द नाही.

व्यायलेल्या एकूण अठ्ठावीस. जिवंत कोकरं सहा.

चार अर्ज केले. निदान गाभण तेवढ्या उतरवू द्या. निदान मला वर जाऊ द्या. निदान चारा पाठवा. त्यांनी फक्त चारा पाठवला.

२२ मे

मेलेल्या एकसष्ट.

वारा जमिनीकडे फिरला आणि अख्ख्या गावात वास. सगळ्यांनी खिडक्या लावून घेतल्या. मी उघडी ठेवली. त्यांचं ओरडणं ऐकूही येतं, वारा पडला की. दुकानात साबण घ्यायला गेले तर गल्ल्यावरची बाई नाकाला पदर लावून म्हणाली, "कुणा शहाणीने परत बोलावलंय म्हणे त्यांना." मी म्हटलं, हो. साबण घेतला आणि आले.

आई जिन्यात भेटली. तिनेही ऐकलं असणार. माझ्या हातातली पिशवी काढून घेतली.

२३ मे, शुक्रवार

निर्णय झाला. जहाज पुन्हा निघणार. पहिल्या गिऱ्हाइकाने नाही म्हटलं, म्हणून आता आणखी लांबच्या देशात. अठरा दिवस. पहिल्यापासून.

मी ते पत्र लिहिलं नसतं तर त्या आज पोचल्या असत्या. आज! बरोबर चौदा दिवस झाले. आज त्यांच्या पायाखाली जमीन असती. मी त्यांचा रस्ता दुप्पट करून ठेवला. घड्याळ कचेरीच्या दारात भेटले. पहिल्यांदा माझ्याकडे बघून बोलले, "तुम्ही बरोबर होतात मॅडम. पण बघा काय झालं." मी जिन्यावर बसून रडले, लोक ये-जा करत असताना. चाळिशी उलटलेली सरकारी डॉक्टर!

धाकट्याला उतरायची मुभा दिली होती. उतरला नाही. "ताई, तिसऱ्या डेकला पाणी कोण पाजणार?" आठ दिवसांत पहिल्यांदा ताई म्हणाला.

२५ मे, रविवार — जहाजावर

या वेळी डॉक्टर सोबत हवा अशी अट होती. आठ जणांना विचारलं, आठ जणांनी नाही म्हटलं. चौकशीतल्या बाईला सह्या करता येत नाहीत, मेंढ्या बघता येतात. काल दुपारी चारला निघालो. तिसऱ्या डेकवर चार कप्पे मोकळे करून घेतले, मुकादमाशी भांडून. रात्रीत दोन व्यायल्या, दोन्ही कोकरं उभी आहेत. वहीत लिहिली.

आईला समोर सांगायची हिंमत झाली नव्हती, धक्क्यावरून फोन केला. ऐकल्याबरोबर तिने तो ठेवला होता. आज सकाळी तिचा निरोप आला — दोघं एकदम जेवायला जाऊ नका, एक जण मेंढ्यांपाशी थांबत जा.