पडणाऱ्याची पाठ

हाकोदाते, २ जुलै

चि. तात्सुओ यास,
ताईचे अनेक आशीर्वाद.

तुझा गेम पोचला, तुझी ख्यालीखुशाली काही पोचली नाही. पाकिटात नुसती चिठ्ठी, की खेळून बघ आणि तोंडदेखलं सांगू नकोस. लहानपणी मी तुला एकाही गेममध्ये जिंकू दिलं नाही. निदान त्याची आठवण ठेवून माझा अधिकार मानलास, हे बरं केलंस.

‘धुक्यातली वाट’ हा तुमचा व्हिडिओ गेम देखणा आहे, यात वाद नाही. सगळं जुन्या सिनेमासारखं काळंपांढरं, पडद्यावर बारीक ओरखडेसुद्धा. गवत वाऱ्यानं झुकतं तेव्हा मी लढायचं सोडून नुसती बघत बसले आणि मार खाल्ला. शेवटचा वार बसला की सगळं संथ होतं, पावसाचा थेंब न् थेंब वेगळा दिसतो. तिथे तुम्ही लोकांनी जीव ओतलाय. पण गोष्ट म्हणशील तर नावाला. नायिका आपली सुरुवातीपासून दारात उभी. तिला बसायला तरी सांगा कुणीतरी. भिंतीजवळ लढलं की कॅमेरा भिंतीतच घुसतो आणि मी आंधळ्यासारखी तलवार फिरवते. आणि तो शत्रू! कुठूनही कापा, आधी अर्धा वळणार, पाठ करणार, मग सावकाश पडणार. मेल्याला मरायलासुद्धा सवड हवी, म्हणून मी हसले. मग त्याचा डावा हात कमरेच्या गाठीवर गेलेला दिसला.

बाबांची ती गाठ एकदा ऐन शूटिंगमध्ये सुटली होती, तेव्हापासून पडताना हात तिथे जायचाच. जन्मभर सिनेमात नायकांच्या तलवारीनं मरण्याचं काम केलं त्यांनी, म्हातारपणी तुमच्याकडेही केलं, हे मला माहीत होतं. पण गेममधला प्रत्येक मरणारा तेच आहेत, हे तू बोलला नव्हतास. मी गेम थांबवला आणि भात लावला. रडू आलं नाही. मार्चमध्ये ते गेले तेव्हापासून आलेलंच नाही.

आईचं काय करायचं ते सांग. अस्थींचा कलश क्योतोहून मांडीवर घेऊन आली, तो माझ्या बैठकीच्या खोलीत आहे. अस्थी पुरायचा एकोणपन्नासावा दिवस मे महिन्यातच उलटला. मठातून फोन येतात, ती पुरायला तयार नाही. विषय काढला की तिला ऐकू येईनासं होतं.

तब्येतीला जप. रागावू नकोस, आहे तसं लिहिलंय.
तुझी,
मिहोको

•

क्योतो, ११ जुलै

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

रागावलो नाही. कॅमेरा भिंतीत घुसतो, हे गेमचं परीक्षण करणाऱ्या सगळ्यांनीच लिहिलंय. दारातल्या बाईबद्दल तुझ्याइतकं खमंग कुणी लिहिलं नाही.

बाबांचं राहून गेलं, ते सांगतो. हालचाल टिपायला माणसाला काळे घट्ट कपडे घालतात, अंगभर ठिपके चिकटवतात. बाबा आरशात बघून म्हणाले, की एवढी वर्षं मेलो, पण बेडूक होऊन पहिल्यांदाच मरतोय. मग विचारलं, कॅमेरा कुठे. मी म्हटलं, छताला, चहूकडे. त्यांना पटेना. पडणाऱ्यानं पाठ कॅमेऱ्याला द्यायची, म्हणजे नायकाचा चेहरा दिसतो, हा त्यांचा धर्म. चहूकडे कॅमेरे असतील तर पाठ द्यायची कुणाला? शेवटी म्हणाले, तू उभा आहेस तोच कॅमेरा. दिवसभर वार झेलत ते माझ्याकडे पाठ करून पडत राहिले. ते वळणं जसंच्या तसं गेममध्ये आलं. मला तेव्हाच दिसायला हवं होतं, पण पडणं इतकं सुरेख होतं की बदलावंसं वाटलं नाही.

आता लोक त्यालाच हसतात. म्हणतात, शत्रू मरायच्या आधी नाचतो, लढाईचा वेग मरतो. बरोबरच आहे त्यांचं. गेमच्या सप्टेंबरच्या सुधारित आवृत्तीत ते पडणं काढून नवीन घालायचं ठरलंय. काम माझ्याकडे आहे. मी हो म्हणालो. घरी येऊन जेवलो, झोपलो. काही वाटलं नाही, आणि त्याचीच भीती वाटते.

आईला यातलं काही सांगू नकोस.

मुलांना पापा.
तुझा,
तात्सुओ

•

हाकोदाते, २४ जुलै

चि. तात्सुओ यास,
अनेक आशीर्वाद.

सांगू नकोस म्हणालास, पण सांगायला उरलंय काय? मी खेळत असताना आई मागे येऊन कधी बसली ते कळलंच नाही. शत्रू चालून आला तेव्हा ती लगेच म्हणाली, हे चालणं ह्यांचं नव्हे. तलवार उगारली, तेव्हाही नव्हे. मी कापलं, तो वळला, आणि आईनं माझ्या हातातून कंट्रोलर काढून घेतला.

आधी तिनं नायकाला नुसता उभा ठेवला. म्हणे, जन्मभर मरत आले, एकदा तरी जिंकू देत. शत्रूनं नायकाला मारलं, पण मारणारा कुणी परकाच. मग तिला उमगलं, की ते हवे असतील तर कापावंच लागतं. आता रोज सकाळी कलशापुढे चहा ठेवते आणि कापायला बसते. हात चांगला बसलाय तिचा. भिंतीजवळ जायचं नाही हेही शिकली. चेहऱ्यावर सुख नाही, दुःख नाही, भाजी निवडावी तसं चाललेलं असतं. अस्थींचं विचारलं तर म्हणाली, माणूस अजून रोज पडतोय, पुरायचं कुणाला?

तेव्हा मी सप्टेंबरचं सांगून टाकलं. तिनं माझ्याकडून पत्राचं पाकीट मागून घेतलं.

तात्सुओ, ते काढू नकोस. खोट म्हणून खोट आहे, मीच दाखवली. पण सगळ्या देखणेपणात तेवढीच एक गोष्ट जिवंत आहे. साहेबांना सांग, जमत नाही म्हण.

एवढं ताईचं ऐक.
तुझी,
मिहोको

•

हाकोदाते, २६ जुलै

चि. तात्सुओ,
आईचे उदंड आशीर्वाद.

ताईनं तुला काढू नकोस म्हणून लिहिलं असणार. तिचं ऐकू नकोस. तुझे वडील कामाचे होते. दिग्दर्शक म्हणाला मरायला वेळ लावतोस, की पुढच्या खेपेला धाडकन पडायचे, आणि घरी येऊन जेवताना कुरकुर करायचे. नायकाला खोळंबवून ठेवणारा पडणारा काय कामाचा? माझ्यासाठी तुझा खेळ बिघडलेला ठेवलास तर त्यांनाच लाज वाटेल.

मी कापत होते, कारण तेवढे तरी दिसत होते. पण दिसतात आणि परत उठून येतात. किती दिवस मारायचं बाई त्यांना? माझे हात दुखतात आता.

काढायचं ते परक्याच्या हातात देऊ नकोस. दहनानंतर त्यांच्या अस्थी आपणच काड्यांनी उचलल्या, भाडोत्री माणूस नव्हता लावला. आणि एकेक अस्थी दोघांनी मिळून उचलायची असते, एकट्यानं नाही. मी येते. तुझ्या साहेबांना विचारून ठेव.

जेवत जा. तुझं ताईला आलेलं पत्र मी वाचलं; त्यातलं तू जेवलास, एवढंच मला खरं वाटत नाही.
आई

•

क्योतो, ८ ऑगस्ट

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

झालं. काल केलं.

आई काळा किमोनो नेसून ऑफिसात आली. आमची पोरं टी-शर्टवर, सगळी एकदम ताठ उठून उभी राहिली. तिनं सगळ्यांना वाकून नमस्कार केला, माझ्या शेजारी बसली आणि विचारलं, कुठून सुरुवात. हालचाल सांध्यासांध्यानं साठवलेली असते. मी म्हटलं, कुठूनही. सगळं एकदम पुसता येतं, हेही सांगितलं. ती म्हणाली, पायापासून. कलशात पाय आधी जातात, डोकं शेवटी, नाहीतर माणूस उलटा राहतो.

मग मी घोटे काढले, गुडघे काढले. दरवेळी ती माझ्या हातावर दोन बोटं ठेवायची, आणि मी बटण दाबायचो. पाय थिजलेले आणि वरचं अंग मात्र मरतंय, असं दिसत होतं. कंबर गेली. गाठीवरच्या डाव्या हातापाशी तिनं मला जरा थांबवलं, मग स्वतःच मान हलवली. शेवटी नुसतं डोकं वळत राहिलं. ती म्हणाली, समोरून दाखव. मी कॅमेरा फिरवला. त्याच्या तोंडावर ओढलेल्या टोपीखाली चेहरा नाहीच, ताई. तिथून कुणी बघणार नाही म्हणून आम्ही तो केलाच नव्हता. मला वाटलं, आता हिला काय वाटेल. ती म्हणाली, असू दे, कुठल्याच सिनेमात दिसला नाही, तो मी घरी पाहिलाय.

डोकंही काढलं. मग ती पडद्याकडे बघून म्हणाली, दमलात, आता चला. शूटिंग संपलं की तिथले लोक एकमेकांना म्हणतात ना, तेच, त्याच सुरात. आणि मला रडू फुटलं. सगळ्या पोरांसमोर, हुंदके देऊन. आईनं रुमाल काढला, पण दिला नाही. म्हणाली, आधी सेव्ह कर.

केलं. मग दिला.

मठात तिनं स्वतः फोन केला. येत्या रविवारी पुरायचं. मुलांना घेऊन, कलश सांभाळून ये, वाट बघतो.
तुझा,
तात्सुओ